सुदामच्या पोटातली मोठी नस

ड्यूटीवर असताना किस्सा घडतो तेव्हा तो किस्सा वाटतच नाही. वाटतं, चला, आजचा दिवस निभावला. मग रिटायर झाल्यावर चहा पिताना कुणीतरी म्हणतं, "ते आठवतंय का रे?" आणि बघावं तर एकामागं एक निघतच राहतात. एवढं सगळं आपल्याच आयुष्यात घडलं होतं का, असं वाटायला लागतं!

आमची बैठक कळंबच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात. मी स्वामी, एसटीत कंडक्टर होतो. युसूफभाई डेपोच्या वर्कशॉपला मेकॅनिक. आणि सुदाम बनसोडे, डायव्हर, माझा जोडीदार. सोलापूरच्या गाडीवर आम्ही दोघांनी इतकी वर्षं काढली, की कौसल्यावहिनी म्हणायच्या, "माझ्यापरीस तुमच्यासंगंच यांचा संसार जास्त झालाय!"

पूर्वी आमच्या गप्पांत घाट, पंक्चर, भांडखोर पॅसेंजर असायचे. हल्ली गप्पा फिरून फिरून एकाच ठिकाणी येतात. सुदामच्या पोटातली मोठी नस. त्यातलं थोडं हसण्यासारखं आहे. बाकीचं सांगताना अजून आवाज बदलतो. तरी सांगतो.

* * *

सुदामला मुतखड्याची कळ आली. मीच त्याला कळंबमधल्या सोनोग्राफीवाल्या मॅडमकडं घेऊन गेलो.

मॅडम मोठ्या बोलक्या. पोटावर ते यंत्र फिरवत विचारत होत्या, "डायव्हर आहात होय? सोलापूरच्या गाडीवर? मग आमच्या माहेरची माणसं तुमच्याच गाडीनं येतात की!"

बोलता बोलता त्या गप्प झाल्या. यंत्र बेंबीच्या जरा वर थांबलं. तिथंच हलकं मागंपुढं झालं, पुन्हा थांबलं.

"खडा मोठाय का मॅडम?" सुदामनं विचारलं.

"खडा बारीक आहे. पडून जाईल."

"मग काय बघताय?"

मॅडमनी स्क्रीन आमच्याकडं वळवला. "ही शरीरातली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी. हृदयातून निघते, मणक्याच्या पुढून खाली येते आणि बेंबीपाशी दोन पायांसाठी तिचे दोन फाटे होतात. ही अशी सरळ पाहिजे. तुमची इथं फुगलीय. याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात."

"पण तिथं दुखत न्हाय काही."

"तेच तर अवघड आहे, काका. ही बहुतेकदा दुखत नाही. आणि एकदम दुखायला लागली तर हातात वेळ फार कमी असतो."

फुगा अजून ऑपरेशनच्या मापाला आला नव्हता. मॅडम म्हणाल्या, बीपीची गोळी चुकवायची नाही, विडी बंद, जड उचलायचं नाही, आणि दर काही महिन्यांनी येऊन मोजून घ्यायचं. पोटात किंवा पाठीत अचानक जोराची कळ आली, घाम फुटला, चक्कर आली, तर घरी थांबायचं नाही. सरळ मोठं हॉस्पिटल गाठायचं.

आम्ही घरी आलो. वहिनी दारातच उभ्या. "काय म्हणल्या मॅडम?"

सुदाम म्हणाला, "खडा बारीक हाय म्हणल्या. पडंल आपुआप."

एक अक्षर खोटं बोलला नाही गडी!

* * *

पण बायकोपासून काय लपतं? चार दिवसांनी वहिनी डेपोत आल्या. जेवणाच्या सुट्टीत मी आणि युसूफभाई वर्कशॉपच्या दारात बसलो होतो.

"भावजी, हे जागे ऱ्हातात. छताकडं बघत पडतात. काय झालंय ते मला तुमीच सांगा."

मी डब्याचं झाकण लावत बसलो. युसूफभाई उठले. म्हणाले, "वहिनी, इकडं या."

त्यांना ते जुन्या टायरच्या थप्पीपाशी घेऊन गेले. एक टायर बाजूला काढला. वरून चांगला होता, पण एका बाजूला मुठीएवढा फुगा आलेला.

"हा बघा. याच्या आतला धागा कमजोर झालाय. हवा त्याच जागेवर दाब देते, फुगा हळूहळू वाढतो. सुदामच्या पोटात रक्ताची मोठी नस हाय, ती अशी झालीय. आत्ता लगेच काही होत न्हाय. डॉक्टर लक्ष ठेवून हायेत. पण झालीय."

वहिनींनी त्या फुग्यावर हात ठेवला. रडतील असं मला वाटलं. त्या रडल्या नाहीत.

"असला टायर लावून तुमी गाडी रोडवर सोडता का?"

"तौबा! कधीच न्हाय, वहिनी."

"मग यांना कसं सोडलं?"

युसूफभाईंनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. त्याच दुपारी आम्ही तिघं डेपो मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. त्यानंतर सुदामनं स्टेअरिंगला हात लावला नाही.

* * *

डॉक्टरांची चिठ्ठी आल्यावर सुदामला चौकशीच्या खिडकीवर बसवलं. समोर माइक.

आता हा माणूस सोलापूर ते कळंब चार वाक्यं बोलायचा नाही. त्याला माइक! सुरुवातीला नुसता घसा खाकरल्याचा आवाज सगळ्या स्टँडवर घुमायचा. लोक म्हणायचे, "गाडी लागली वाटतं, बनसोडे खाकरले."

एका बाजाराच्या दिवशी येरमाळामार्गे बार्शीची गाडी फलाटावरून निघायला लागली. हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी डोक्यावर गाठोडं घेऊन मागं पळत सुटली. आणि माइकवरून आवाज आला, "ओ आजी! पळू नका! हिरव्या लुगड्यातल्या आजी, पळू नका. डायव्हर माझ्या ओळखीचा हाय. थांबंल तो."

गाडी खरंच थांबली. सगळा स्टँड हसायला लागला.

मॅनेजर साहेबांनी बोलावून घेतलं. "बनसोडे, नेमून दिलंय तेवढंच बोलायचं माइकवर."

सुदाम हात मागं बांधून उभा होता. म्हणाला, "साहेब, माझ्या पोटातलं कवा फुटंल ते मला ठाव न्हाय. माझ्या देखत म्हातारं माणूस पळताना पडलं, तर मला ते बघवंना."

साहेबांनी पुढची फाईल ओढली. त्यानंतर कळंबच्या स्टँडवर रोज कुणाला ना कुणाला "पळू नका" ऐकू यायचं.

* * *

विडीचं राहिलं.

मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, "या फुग्याचा सगळ्यात मोठा दोस्त म्हणजे तुमची विडी. ती सोडली नाही तर फुगा लवकर वाढतो." सुदामनं सोडली. अंगाला कंप सुटायचा, चिडचिड व्हायची. बडीशेपेच्या पुड्यांनी खिसे भरलेले. पण सोडली.

आम्हाला वाटलं, आता हॉटेलात युसूफभाई समोर विडी ओढणार आणि याचं मन चळणार. पण बघतो तर युसूफभाईही ओढेनात! नुसता चहा. तोही तोंड पाडून. वर्कशॉपमधल्या हेल्परांवर ओरडणं वाढलं होतं.

शेवटी सुदामनंच विचारलं, "भाई, तुमी का सोडली? तुमच्या पोटात कुठं काय हाय?"

"मी कुठं सोडली? बंद पडली."

"म्हंजी?"

युसूफभाई भडकले. "अरे, काडेपेटी तुझ्याकडं असायची! जिंदगीत मी कधी काडेपेटी घेतली का?"

सुदामनं बशीतला चहा संपवला. थोड्या वेळानं बडीशेपची पुडी त्यानं टेबलावरून भाईंकडं सरकवली.

* * *

येडशीला युसूफभाईंच्या भाच्याचं लग्न होतं. दुपारची जेवणं चालली होती. सुदाम मांडवात उभा होता, एकदम वाकला आणि कमरेला हात लावून खाली बसला. पाठीत कळ. कपाळावर घाम.

मॅडमचे शब्द आम्हा तिघांनाही पाठ होते. युसूफभाईंनी नवरदेवाच्या फुलं लावलेल्या गाडीची किल्ली हिसकावली! सुदामला मागं आडवं घातलं, त्याचं डोकं माझ्या मांडीवर. गाडी सुटली ती सरळ धाराशिवला. बॉनेटवरची झेंडूची माळ तुटून काचेवर आपटत होती.

सुदामला वाटलं, आता काही आपण पोचत नाही. बारीक आवाजात म्हणाला, "भाई, एक सांगायचं ऱ्हायलंय."

"बोल माझ्या राजा, बोल." भाईंचे डोळे भरून आलेले.

"तुमचा दहा नंबरचा पाना... म्या नेलता. घरी माळ्यावर हाय."

त्या पान्यासाठी भाईंनी अख्खं वर्कशॉप पालथं घातलं होतं. एका हेल्परशी कितीतरी दिवस बोलले नव्हते. आता ते गाडी चालवत रडत होते. "राहू दे रे! पाना गेला खड्ड्यात! तू फक्त डोळे उघडे ठेव!"

हॉस्पिटलात लगेच सीटी स्कॅन झाला. डॉक्टर बाहेर आले. "नस फुटलेली नाही. पाठीचा स्नायू धरलाय. काही जड उचललं होतं का?"

सुदाम मान खाली घालून म्हणाला, "पाण्याचा ड्रम. बायाबापड्या वडत हुत्या म्हून..."

मी भिंतीला टेकून खाली बसलो. भाईंनी डोळे पुसले आणि पहिलं वाक्य काय बोलावं?

"पाना उद्या सकाळी आणून दे!"

डॉक्टरांनी मात्र आम्हाला हसू दिलं नाही. म्हणाले, "आलात हे बरंच केलं. अशी कळ आली तर पुन्हाही असंच यायचं, स्नायू आहे का नस आहे हे घरी बसून कुणी ठरवायचं नाही. आणि आणखी एक. फुगा मागच्या वेळेपेक्षा वाढलाय. नुसतं मोजत बसायचे दिवस संपले. सोलापूरला सर्जनना दाखवा."

* * *

सोलापूरचे सर्जन वयानं तरुण, बोलणं हळू. त्यांनी कागदावर चित्र काढलं.

"दोन रस्ते आहेत. एक, मांडीच्या सांध्यातून बारीक नळी घालून फुग्याच्या आत कापडाचं अस्तर असलेला स्टेंट बसवायचा. रक्त अस्तरातून जातं, फुग्यावरचा दाब कमी होतो. पोट उघडावं लागत नाही, माणूस लवकर हिंडाफिरायला लागतो. पण स्टेंटला वर घट्ट धरायला निरोगी जागा लागते. तुमचा फुगा किडनीच्या नसांच्या फार जवळ सुरू होतो. तिथं जागा पुरत नाही."

"मग दुसरा?"

"पोट उघडून खराब तुकड्याच्या जागी कृत्रिम नळी शिवायची. मोठं ऑपरेशन आहे."

सुदामनं चित्राकडं बघत विचारलं, "गाडी चालू ठिवून बदलणार का उभी करून?"

डॉक्टरांना क्षणभर कळलं नाही. मग ते म्हणाले, "हृदय चालूच राहतं. फक्त नस वरून चिमट्यानं बंद करतो. तेवढा वेळ खाली पायांकडं रक्त जात नाही. म्हणून हृदयावर, किडनीवर ताण येतो. धोका आहे. नाही असं मी म्हणणार नाही."

"आन् न्हाय केलं तर?"

"तर तो फुटण्याची वाट बघायची. कधी, ते मी सांगू शकत नाही."

सुदामनं वहिनींकडं बघितलं. वहिनी डॉक्टरांना म्हणाल्या, "साहेब, तुमी स्वता शिवणार न्हवं?"

"हो, मीच."

"मग सावकास शिवा. आमाला कुठं जायचं न्हाय."

ऑपरेशन ठरलं.

* * *

सकाळी त्याला आत नेलं. वहिनी पदरात हात गुंडाळून दाराकडं बघत बसल्या. युसूफभाई जिन्याखाली नमाज पढून आले. मी मनात ॐ नमः शिवाय म्हणत होतो आणि मधेच विसरत होतो. दुपार कलल्यावर डॉक्टर आले. मास्क खाली ओढला. "नळी व्यवस्थित बसली. दोन्ही पायांत रक्त पोचलंय."

वहिनींनी तिथंच वाकून जमिनीला हात लावला.

पण खरा घोर नंतर लागला. श्वासासाठी घशात घातलेली नळी काढल्यावर सुदाम कुणाला ओळखेना. आयसीयूत उसळी मारून उठायला बघायचा. हातांना मऊ पट्ट्या बांधाव्या लागल्या. वहिनी आत गेल्या, त्यांनाही ओळखलं नाही. त्या बाहेर येऊन भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

डॉक्टर म्हणाले, "मोठ्या ऑपरेशननंतर काहींना असा भ्रम होतो. उतरेल तो. पण असेच उसळत राहिले तर बीपी वाढतं, टाक्यांवर ताण येतो."

दारावरचा वॉचमन अक्कलकोटकडचा होता. मी त्याच्याशी कन्नडात दोन शब्द बोललो. त्यानं आत सिस्टरला विचारून मला सोडलं.

सुदामचे डोळे सताड उघडे होते. मला बघत होता, पण मी त्याला दिसत नव्हतो. उजवा पाय पलंगाच्या टोकाला जीव खाऊन दाबत होता. पुटपुटत होता, "ब्रेक लागंना... घाट उतरतोय... ब्रेक लागंना... माणसं हायेत गाडीत..."

तुळजापूरचा घाट. हजारदा उतरलो असू आम्ही. ब्रेक कधीच फेल झाला नव्हता.

मी म्हणलं, "सुदाम, मी स्वामी." उपयोग नाही. पाय आणखी जोरात.

एसटीत कंडक्टरची एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. जोडीदार मागं वळून बघत नाही, घंटी ऐकतो. मी खिशातून घराची किल्ली काढली आणि पलंगाच्या लोखंडी कठड्यावर एकदाच मारली.

ठण्!

पाय सैल पडला.

"थांबली?" सुदामनं विचारलं.

"थांबली. कडेला घेतलीस तू."

"माणसं?"

"उतरली."

"समदी?"

"समदी. मी मागनं बघून आलो."

त्यानं डोळे मिटले. श्वास हळूहळू खाली बसला. मशीनवरचा आकडाही उतरला. सिस्टर माझ्याकडं बघत राहिली. "काका, काय केलंत तुम्ही?"

मी म्हणलं, "काही नाही. घंटी मारली."

* * *

भ्रम उतरला. आता आतडी जागी व्हायची वाट. पोटाच्या ऑपरेशननंतर आतडी काही काळ झोपून राहतात. गॅस पास झाला म्हणजे ती जागी झाली, तोवर तोंडानं खाणं नाही.

मी आणि भाई कळंबला परत आलो होतो. आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, की दोन म्हातारी माणसं हॉटेलात बसून एका माणसाच्या गॅसची इतकी गंभीरपणे वाट बघतील! हॉटेलवालाही चहा ठेवताना विचारायचा, "झालं का?" आम्ही मान हलवायचो.

आणि एका सकाळी वहिनींचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"भावजी! झालं!"

"काय झालं, वहिनी?"

पलीकडं शांतता. वहिनी जुन्या वळणाच्या, आमच्यासमोर कधी नवऱ्याचं नाव घेतलं नाही. आता हे कोणत्या शब्दांत सांगायचं? शेवटी म्हणाल्या, "अवो... यांचा हॉर्न वाजला!"

युसूफभाई "अल्हम्दुलिल्लाह!" म्हणत उभे राहिले, आणि त्यांनी सगळ्या हॉटेलला पेढे वाटले. कशाचे ते कुणाला सांगितलं नाही.

* * *

ऑपरेशन झालं म्हणजे संपलं, असं आम्हाला वाटायचं. तसं नसतं. सुदाम घरी आला तो अर्धा होऊन. जेवणाला चव नाही. खोकला आला की पोटाशी उशी दाबून धरायची. आधी अंगणातल्या लिंबापर्यंत चालायचा, मग कोपऱ्यापर्यंत. उगाच रडू यायचं. समोरून शेळीचं करडू गेलं तरी डोळ्यांत पाणी! डॉक्टर म्हणाले, होतं असं, वेळ लागतो, ताकद परत येते. धाकट्या भावाचीही सोनोग्राफी करून घ्या म्हणाले, कारण हे कधी कधी घराण्यात चालतं. भावाची नस चांगली निघाली.

एकदा मी घरी गेलो तर सुदाम वहिनींवर ओरडत होता. वरणात मीठ कमी. वाटी सरकवून दिली. मी दारातच अवघडून उभा. म्हणलं, "वहिनी, मनावर घेऊ नका, आजारी माणूस आहे."

वहिनी वाटी उचलत म्हणाल्या, "वरडू द्या की. वरडायला माणूस घरात हाय, हेच लई झालं."

सुदामनं वाटी परत ओढून घेतली आणि गुपचूप जेवला.

* * *

आता शेवटचा. हा आम्ही हॉटेलात सांगत नाही.

सोलापूरच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत एक गोष्ट विचारली होती, ती मी वर सांगितली नाही. त्यांनी विचारलं होतं, "वडील कशानं गेले?"

सुदामनं हातातली फाईल मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "लोक म्हणत्यात, इखानं."

अणदूरच्या पुढं त्याचं खेडं आहे. सुदाम शाळेत होता तेव्हाची गोष्ट. उन्हाळ्याच्या दिवसांत त्याचे वडील रानातून परत येत होते. वस्तीतल्या सोनाबाईंनी हाक मारून त्यांना ताक दिलं. ताक पिऊन ते तिथंच ओट्यावर टेकले. म्हणाले, कंबर दुखतीय. मग पोटात कळ, अंगभर घाम, माणूस पांढराफटक. बैलगाडी जुंपेपर्यंत संपले होते.

कुणीतरी म्हणालं, ताकात काहीतरी होतं. बस! पोलीस नाही, तपास नाही, पण ते वाक्य वस्तीत राहिलं. सोनाबाईंच्या घरी कुणी पाणी पिईना. त्यांच्या लेकीची सोयरीक मोडली. सुदामची आई मरेपर्यंत त्या घरावरून गेली नाही, पलीकडच्या बोळातून जायची. पोरांनाही तेच शिकवलं.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "इतक्या वर्षांनी छातीठोक कुणीच सांगू शकणार नाही. पण तुम्ही सांगताय ते सगळं फुगा फुटल्यासारखं आहे. आणि तुमच्याकडं बघता, मला तरी तसंच वाटतं."

ऑपरेशन झालं, अंगात ताकद आली, डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली. मग एक दिवस सुदाम मला म्हणाला, "स्वामी, गावाकडं येतोस का?"

आम्ही पॅसेंजर म्हणून गाडीत बसलो.

सोनाबाई ओट्यावर तूर पाखडत बसल्या होत्या. फार म्हातारं माणूस. डोळे बारीक करून त्यांनी वर बघितलं.

"मावशी, म्या सुदाम. बनसोड्याचा."

सूप थांबलं. आत सून होती, ती दारात आली. सुदाम वर ओट्यावर जाऊन बसला. बनसोड्यांच्या घरातलं कुणी इतक्या वर्षांत त्या ओट्यावर बसलं नव्हतं.

"मावशी, ताक हाय का?"

सोनाबाई त्याच्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हस इकून लई वर्सं झाली. च्या घे." आणि सुनेला हात केला.

सुदामनं सांगायला सुरुवात केली. नस, फुगा, सोलापूर, सगळं. त्याला नीट सांगता येईना. मग त्यानं शर्टाची बटणं काढली. छातीच्या खालपासून बेंबीच्या खालपर्यंत शिवण.

"ह्ये बघा. बाचंबी ह्येच असावं म्हणले डॉक्टर. तुमच्या ताकात काय नव्हतं, मावशी."

सोनाबाईंनी हात पुढं केला. शिवणीवरून एक बोट फिरवलं, अगदी हळू.

"लई दुखलं का रं?"

"लई."

सुनेनं चहा आणून ठेवला. कुणी उचलला नाही. सोनाबाईंनी सुपातले दोन खडे वेचून बाजूला टाकले.

"त्या दिशी," त्या म्हणाल्या, "त्याच तांब्यातलं ताक त्याच्या आदी म्या पिले हुते."

बटणं लावता लावता सुदामचा हात थांबला.

"कुनी इचारलंच न्हाय, बाबा."

मग त्यांनी बशी त्याच्यापुढं सरकवली. "पी. च्या निवतोय."